रिव्हॉल्व्हरमधलं अंगभूत लॉक: भरवसा किती ठेवायचा आणि कशावर

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टीलच्या फ्रेमचं, .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर नुकतंच घेतलंय. डाव्या बाजूला, सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरणारं नळकांडं) उघडायच्या खटक्याच्या वर एक बारीक भोक आहे. त्यात चावी घालून फिरवली की शस्त्र बंद होतं. ओळखीचे नेमबाज सांगतात की गोळी झाडताना हे लॉक आपोआप लागतं आणि ऐन वेळी दगा देतं, तेव्हा ते काढूनच टाका. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. काढू की ठेवू?

ठेवा. तुमच्याकडे आहे त्या वजनाच्या शस्त्रात ते काढण्यासारखं कारण मला दिसत नाही. आणि ते काढल्याने जो नवा धोका घरात येतो त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शस्त्रं उघडणं, साफ करणं, दुरुस्त करून परत जोडणं यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे भोकाच्या आत काय घडतं तिथूनच सुरुवात करतो.

त्याआधी शब्दांचा एक गोंधळ निस्तरू. आपल्याकडे 'घोडा' हा शब्द कोणी ट्रिगरला वापरतं, कोणी हॅमरला. खाली मी बोटाने ओढतो तो ट्रिगर आणि मागून आपटतो तो हॅमर, असंच म्हणेन.

दुसरा गोंधळ जास्त महागात पडणारा आहे. 'सेफ्टी' आणि 'लॉक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चावीचं लॉक काढलं तर रिव्हॉल्व्हर हातातून पडल्यावर गोळी सुटेल का, असं मला अनेकांनी विचारलंय. नाही सुटणार. पडल्यावर गोळी सुटू नये याची व्यवस्था वेगळी असते, ती चावीशिवाय सतत चालू असते, आणि तिचा इतिहास या लॉकच्या वादावरही प्रकाश टाकतो.

जुन्या सिंगल ॲक्शन (दर गोळीआधी हॅमर हाताने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरमध्ये, म्हणजे १८७३ च्या कोल्टसारख्यांत, हॅमर खाली असताना त्याची टोकदार पिन थेट काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या बुडाच्या भागावर, टेकायची. हॅमरवर ठोसा बसला की गोळी उडालीच. म्हणून जाणकार लोक सिलिंडरमधल्या काडतुसांच्या घरांपैकी, म्हणजे सहापैकी पाचच चेंबर भरायचे आणि हॅमर रिकाम्या चेंबरवर ठेवायचे. पुढे रुगर या अमेरिकी कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रान्सफर बार आणला. ट्रिगर मागे ओढलेला असेल तरच ही पट्टी वर येते आणि हॅमरचा ठोका फायरिंग पिनपर्यंत पोचवते. एरवी हॅमर फ्रेमवर टेकून राहतो, पिनला लागतच नाही. आधी विकलेल्या जुन्या शस्त्रांतही कंपनीने हा बदल फुकट करून दिला.

स्मिथ अँड वेसनची वाट उलटी होती. ट्रिगर ओढलेला नसेल तेव्हा हॅमर आणि फ्रेम यांच्यामध्ये आड येणारा एक तुकडा, म्हणजे हॅमर ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या व्हिक्टरी मॉडेलमध्ये असा ब्लॉक होता, पण तो जागेवर येण्यासाठी एका स्प्रिंगवर अवलंबून होता. १९४४ च्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या जहाजावर एक भरलेलं व्हिक्टरी डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर घाईघाईने जो नवा ब्लॉक आला तो ट्रिगरच्या यंत्रणेशीच जोडलेला होता. ट्रिगर पुढे आला की तो वर ढकललाच जातो, स्प्रिंगची मर्जी लागत नाही. नव्या शस्त्रांच्या क्रमांकात 'व्ही' बरोबर 'एस' हे अक्षरही आलं. हाच ब्लॉक तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आहे.

हे इतकं सांगायचं कारण असं, की शस्त्राच्या पोटातल्या कोणत्याही भागाबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हा भाग आपल्या जागी राहतो तो दुसऱ्या भागाने धरून ठेवल्यामुळे, की नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर? चावीच्या लॉकवरच्या आरोपात जे काही तथ्य आहे ते या प्रश्नातच आहे.

आता लॉक. भोकाच्या आत एक लहान कॅम, म्हणजे फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणारा तुकडा, आहे. दोन दातांच्या नळीसारख्या चावीने तो फिरतो आणि हॅमरच्या डाव्या अंगाला असलेली एक पातळ पाती वर उचलतो. पाती वर आली की तिचा खुंट हॅमरला अडकतो. मग ना हॅमर मागे जातो, ना ट्रिगर. उघडा हॅमर असलेल्या मॉडेलमध्ये ही पाती हॅमरशेजारी डोकं वर काढते, म्हणजे लॉक लागलंय हे डोळ्यांना दिसतं. झाकलेल्या हॅमरच्या मॉडेलमध्ये ते दिसत नाही. चावी उलट फिरवली की पाती खाली बसते. तिला खाली बसवून ठेवायचं काम मात्र मुख्यतः एका बारीक स्प्रिंगचं आहे. म्हणजे ज्या प्रकारच्या रचनेपासून कंपनी १९४४ नंतर दूर गेली, तीच रचना इथे दुसऱ्या कामासाठी परत आली. त्यामुळे शंका घेणारे लोक खुळे आहेत असं मी कधीच म्हणणार नाही.

हे लॉक आलं कसं हे कळलं तर वादातला राग कुठून येतो तेही कळतं. १९८७ मध्ये टॉमकिन्स या ब्रिटिश उद्योगसमूहाने स्मिथ अँड वेसन ११ कोटी २५ लाख डॉलरना घेतली होती. मार्च २००० मध्ये कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला, त्यात दोन वर्षांत शस्त्रांत अंगभूत लॉक बसवण्याचं आश्वासन होतं. अमेरिकेतल्या बंदूकधारकांनी हा विश्वासघात मानला, बहिष्कार टाकला, विक्री कोसळली. मे २००१ मध्ये सेफ-टी-हॅमर या ॲरिझोनातल्या छोट्या कंपनीने ती दीड कोटी डॉलर आणि कर्जाची जबाबदारी एवढ्यावर विकत घेतली. या कंपनीचा धंदाच बंदुकीच्या लॉकचा होता. त्यानंतर रिव्हॉल्व्हरवर ते भोक दिसू लागलं. शिवाय मेरिलँड राज्याच्या कायद्याने १ जानेवारी २००३ पासून बनणाऱ्या पिस्तुलांत आणि रिव्हॉल्व्हरमध्ये अंगभूत यांत्रिक लॉक सक्तीचं केलं. तेव्हा या भोकाकडे बघताना बऱ्याच लोकांना यंत्राच्या आधी राजकारण दिसतं. मला तो राग समजतो, पण रागाने स्प्रिंगची ताकद कमी होत नाही आणि वाढतही नाही.

मग ते आपोआप लागतं का? हलक्या शस्त्रात, जोरदार काडतुसाने, लागू शकतं. हिशेब सोपा आहे. गोळी आणि वायू पुढे जाताना जेवढा संवेग घेऊन जातात, तेवढाच रिव्हॉल्व्हर मागे घेऊन येतं. स्टीलचं चार इंची मॉडेल ६८६ साधारण १.१ किलोचं. स्कँडियम आणि टायटॅनियमचं मॉडेल ३४० पीडी साधारण ३४० ग्रॅमचं. दोन्ही .३५७ मॅग्नम झाडतात. नळीच्या लांबीचा फरक बाजूला ठेवला, तर हलकं शस्त्र तिपटीहून अधिक वेगाने मागे उसळतं आणि धक्क्याची ऊर्जाही तितक्याच पटीने वाढते. आतल्या पातीचं वजन मात्र दोन्हीकडे सारखंच, तिला धरणारी स्प्रिंगही तशीच. फ्रेम झटक्यात मागे-वर जाते, पाती जडत्वाने जागेवर राहू पाहते, मग हात फ्रेमला थांबवतो तेव्हा पाती पुढची वाट धरते. या ओढाताणीत स्प्रिंग कमी पडली तर पाती उचलली जाते आणि हॅमर जागच्या जागी जखडतो. लॉक आपोआप लागल्याच्या ज्या तक्रारी मला पटण्यासारख्या वाटल्या, त्या जवळजवळ सगळ्या याच घरातल्या होत्या: हलकी फ्रेम, मॅग्नम काडतूस. किलोभर वजनाच्या स्टीलच्या शस्त्रात हा धक्का पातीपर्यंत पोचेतो बराच बोथट झालेला असतो.

तेव्हा एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. कोणी मला ३४० ग्रॅमचं, लॉकवालं शस्त्र स्वसंरक्षणासाठी रोज जवळ बाळगायचंय असं म्हणालं, तर मी त्याला लॉक नसलेलं मॉडेल घ्यायला सांगेन. कंपनी स्वतःच काही मॉडेल लॉकशिवाय विकते. लॉकवालं घेऊन त्याची चिरफाड करण्यापेक्षा ते सरळ.

पण 'लॉक लागलं' म्हणून माझ्यासमोर आलेल्या शस्त्रांत खरा गुन्हेगार बहुतेकदा दुसराच निघाला. एक प्रसंग सांगतो. एक गृहस्थ हलकं रिव्हॉल्व्हर घेऊन आले. तीन गोळ्या झाडल्या, चौथ्याला ट्रिगर हलेना. लॉकला शिव्या देत होते. पाती बघितली तर खाली, नीट बसलेली. हॅमर किंचित हलत होता, सिलिंडर मात्र फिरत नव्हता. पुढून वाकून पाहिलं, तर एका काडतुसातली गोळी धक्क्याने केसमधून, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळीतून, पुढे सरकून सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली होती आणि फ्रेमला अडत होती. हलक्या शस्त्रात हे अगदी नेहमीचं. धक्क्याने केस मागे ओढली जाते, जड गोळी जागेवर राहते. क्रिंप, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळलेलं असतं ते, सैल असेल तर गोळी हळूहळू बाहेर येते. साध्या शिशाच्या, वरून तांब्याचं आवरण नसलेल्या गोळ्यांत जास्तच.

याशिवाय इजेक्टर रॉडचे, म्हणजे रिकाम्या केस बाहेर ढकलणाऱ्या दांडीचे, आटे सुटून तो लांब झाला की सिलिंडर उघडत नाही. त्या दांडीच्या टोकाला केस उचलणारी जी चांदणी असते तिच्याखाली न जळलेल्या दारूचे चार कण अडकले की सिलिंडर जड फिरतो. काडतुसाची टोपी पुरती आत बसलेली नसेल तर ती मागे घासते. या सगळ्यांचं खापर फुटतं ते त्या भोकावर, कारण ते दिसतं.

म्हणून शस्त्र थांबलं तर घाई करू नका. नळी निशाण्याकडेच ठेवा, निदान अर्धा मिनिट तसंच थांबा, कारण उशिरा पेटणारं काडतूसही असू शकतं. मग बघा. हॅमर ठार जखडलेला आणि पाती वर, तर लॉक. पाती खाली आणि सिलिंडर अडलेला, तर वरच्यापैकी काहीतरी.

लॉकचा खरा बिघाड माझ्या हाताखाली आला तो कारखान्यातला नव्हता. आदल्या कोणा हौशी माणसाने साइड प्लेट, म्हणजे आतल्या यंत्रणेवरचं बाजूचं झाकण, स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटली होती. काठ दबले होते, आणि परत जोडताना लॉकच्या स्प्रिंगचा पाय खाचेबाहेर राहिला होता. पातीला खाली दाबणारं काहीच नव्हतं, नळी खाली केली तरी ती डुलायची. साइड प्लेट कधीही उचकटायची नसते. स्क्रू काढून मुठीच्या फ्रेमवर लाकडी दांड्याने हलके ठोके दिले की कंपनाने ती आपण होऊन वर येते. ज्याला हे ठाऊक नाही त्याने आत हात घालू नये, एवढं मी कळकळीने सांगतो.

आता काढून टाकण्याचा मुद्दा. बरेच जण फक्त पाती काढतात आणि भोक, कॅम तसेच ठेवतात. त्यानंतर काय होतं बघा. चावी भोकात जाते, फिरते, हाताला नेहमीसारखी वाटते. पण लॉक होत नाही. काढलं त्याला हे माहीत आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाला? पाच वर्षांनी ते विकत घेणाऱ्याला? एखादी आई चावी फिरवून निश्चिंत होईल आणि शस्त्र जसंच्या तसं जिवंत असेल. आपोआप लागणारं लॉक हा एक धोका आहे, पण लागल्यासारखं वाटून न लागणारं लॉक हा मला त्याहून भयंकर वाटतो, कारण त्यावर विसंबणारा माणूस इतर सगळ्या काळज्या सोडून देतो. शिवाय निर्मात्याने दिलेली सुरक्षा काढली की वॉरंटी धोक्यात येते, आणि पुढे काही विपरीत घडलं तर त्याचा जाब तुम्हाला द्यावा लागतो.

इतर कंपन्यांचं थोडक्यात. टॉरसने १९९७ पासून हॅमरच्या पाठीवरच चावीचं लॉक दिलं, एक छोटा तुकडा फिरवून बाहेर काढला की हॅमर मागे जात नाही. रचना साधी, दिसायला उघडी. मात्र चावी पूर्ण फिरवायची सवय हवी, अर्धवट फिरवलेलं लॉक ना धड उघडं ना धड बंद. रुगरने एलसीआर या आपल्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये लॉक मुठीच्या आवरणाखाली लपवलं. तिथे शंकेला जागा कमी, पण लावायचं तर दर वेळी मूठ उतरवा! इतका खटाटोप रोज करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि यातूनच तो प्रश्न येतो जो तुमच्यासाठी पहिला असायला हवा. नको तेव्हा लॉक लागेल का, यावर लोक रात्र रात्र भांडतात. हवं तेव्हा ते लावलं जाईल का, हे कोणी विचारत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बऱ्याच शस्त्रांच्या चाव्या डब्यातल्या पिशवीतून कधी बाहेरच आलेल्या नव्हत्या, काहींच्या हरवलेल्या. भोकात कापडाचे तंतू आणि जुनं तेल घट्ट बसलेलं. असं लॉक मुलीपासून काहीही वाचवत नाही.

त्याची मर्यादाही नीट ओळखा. स्मिथ अँड वेसनच्या या लॉकच्या चाव्या सगळ्या एकसारख्या असतात, एकाची दुसऱ्याला चालते. म्हणजे ते चोरासाठी नाहीच. सहा वर्षांच्या हातासाठी मात्र ते पुरेसं भक्कम आहे. तसंच ते साठवणीचं साधन आहे, जवळ बाळगतानाची सेफ्टी नव्हे. अंधारात, थरथरत्या बोटांनी दोन दातांची चावी भोकात बसवून बघा (रिकाम्या शस्त्रावर), म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. ज्याला शस्त्र चटकन हाती यायला हवं, त्याने ते बोटांनी आकडे दाबून उघडणाऱ्या, जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने बसवलेल्या लोखंडी पेटीत ठेवावं आणि अंगभूत लॉक उघडंच ठेवावं.

लॉक लावून पण काडतुसं आत ठेवून शस्त्र कपाटात ठेवणं मला मान्य नाही. आधी रिकामं करा, मग लॉक. ट्रिगरभोवती लावायचं बाहेरचं कुलूप तर भरलेल्या रिव्हॉल्व्हरवर कधीच लावू नका. ते बसवताना त्याचाच भाग ट्रिगर दाबू शकतो. बाहेरचं काही हवंच असेल तर सगळ्यात साधा उपाय: सिलिंडर बाहेर काढा आणि फ्रेमच्या वरच्या पट्टीभोवती एक चांगलं कुलूप घाला. सिलिंडर बंदच होत नाही, त्यामुळे गोळी झाडता येत नाही. यात स्प्रिंग नाही, कॅम नाही, आणि कुलूप लावलंय हे खोलीच्या दारातून दिसतं.

तुमच्या शस्त्राबद्दल खात्री करून घ्यायची असेल तर असं करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, सहाही चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. भोक फुंकून साफ करा, पातळ तेलाचा एक थेंब पुरे, ग्रीस नको. मग लॉक वीसेक वेळा लावा आणि उघडा. दर वेळी ट्रिगर आणि हॅमर हलवून बघा: बंद असताना काहीच हलता कामा नये, उघडल्यावर पाती पूर्ण खाली बसली पाहिजे आणि हॅमर सरळ मागे गेला पाहिजे, कुठेही खरखर नको. उघडं असताना शस्त्र उलटं धरा, मुठीवर हाताने थोपटा. पाती जागची हलली तर ते झाडूच नका, जाणकार कारागिराला दाखवा.

नंतर मैदानावर. तुम्ही जी काडतुसं प्रत्यक्ष वापरणार तीच निदान दोनशे झाडा, हलक्या सरावाच्या काडतुसांवर हा निर्णय करू नका. काही गोळ्या एका हाताने, जरा सैल पकडीने झाडा, कारण धक्का तेव्हा वेगळ्या तऱ्हेने बसतो. दर सिलिंडरनंतर पाती बघा. एकदा पाच झाडून सहावं काडतूस बाहेर काढा आणि आधी मोजलेल्या लांबीशी व्हर्नियर कॅलिपरने ताडून बघा, म्हणजे गोळी सरकते का तेही त्याच फेरीत कळेल. दोनशेत एकदाही पाती उचलली गेली नाही, तर मी स्वतः ते शस्त्र लॉकसकट वापरेन. एकदा जरी उचलली गेली, तरी 'पुढच्या वेळी होणार नाही' असं म्हणू नका. कंपनीकडे पाठवा.

चाव्या दोन मिळाल्या असतील. एक तुमच्या रोजच्या जुडग्यात घाला, जे मुलीच्या खेळण्यात जात नाही अशा. दुसरी घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे, आणि त्यांना एकदा समोर बसवून रिकाम्या शस्त्रावर लॉक लावायला, उघडायला आणि पाती ओळखायला शिकवा. शस्त्राच्या डब्यात मात्र एकही चावी ठेवू नका.